धायरीचं दही

आबा,

परवा वरच्या मजल्यावरची मुलगी वाटी घेऊन विरजण मागायला आली. कानपूरची आहे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला कामाला जातात. मराठी शिकायची तिला हौस आहे, म्हणजे 'काकू' म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत बोलते. मी तिला तुमच्या बरणीतलं दोन चमचे दही दिलं. काल ती वाटी परत द्यायला आली, रिकामी नाही, आत बत्तासे घालून, आणि दाराशी उभी राहून दह्याबद्दल एक वाक्य बोलली. त्यावर मी जे बोलले ते ऐकून मलाच कळेना की हे तोंड माझं की तुमचं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली आणि मला तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. लिहायचात ते तुम्ही. दर यात्रेतून एक पोस्टकार्ड, आणि त्यात त्या गावाबद्दल एकच ओळ, की गाव बरं आहे पण पाणी आपल्यासारखं नाही.

मला आठवतं तेव्हापासून तुम्ही नारायण पेठेतल्या एका यात्रा कंपनीत आचारी आहात. पुण्याची माणसं काशीला जातात, रामेश्वरला जातात, पण जेवायला पुण्यातच असतात, आणि ते पुणं त्यांच्याबरोबर नेणं हे तुमचं काम. बसच्या टपावर पातेली, पराती, स्टोव्ह, आंबेमोहोराचं पोतं, गोड्या मसाल्याचा डबा. द्वारका असो नाहीतर गंगोत्री, दुपार झाली की पंगत, आणि पंगतीत वरणभात, लिंबाची फोड, डावीकडे कोशिंबीर. सुरुवातीला पेठेतली मंडळी नाक मुरडायची, की धायरीचा शेतकरी माणूस आम्हाला सुधारस काय खाऊ घालणार. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी ताट पुढे सरकवायची. हे तुम्ही घरी आल्यावर इतक्यांदा सांगितलंत की आई ते वाक्य तुमच्या आधी पुरं करायची. सगळा हिंदुस्थान तुम्ही बघितलात, आणि बघून ठरवलंत काय, तर धायरीसारखं गाव नाही. ताजमहाल चांगला आहे पण उन्हात तापतो, आपल्या देवळाचा मंडप कसा गार. काश्मीर सुंदर आहे पण डोंगर फार लांब, आपला सिंहगड कसा, भाकरी खाता खाता दिसतो. परगावी कुणी विचारलं, कुठले, की सगळी बस पुणे म्हणायची आणि तुम्ही एकटे धायरी म्हणायचात. समोरच्याला ते ठाऊक नसलं तर ती त्याची चूक, असा तुमचा चेहरा असायचा.

या अभिमानाचा पुरावा म्हणून तुम्ही एक बरणी जवळ बाळगायचात. चिनी मातीची, खाली पिवळट पांढरी, वर तपकिरी. तीत धायरीचं दही. रोज दही काढताना तळाशी चमचाभर राहू द्यायचं आणि त्यावरच कोमट दूध ओतायचं, तेच विरजण. वेगळं काही काढून ठेवायचं नाही, आणि बरणी आतून कधी घासायची नाही, विसळायचीसुद्धा नाही. बाहेरून ओल्या फडक्याने पुसायची, बस्स. त्या बरणीतलं दही मोठ्या पातेल्यांना लागायचं, म्हणजे बद्रीनाथाच्या पायथ्याशी पेठेतली माणसं ताक पितात ते धायरीचं, असं तुमचं म्हणणं. थंडीच्या गावी बरणी घोंगडीत गुंडाळून कुशीत घेऊन झोपायचात. आई म्हणायची, पोरांना कधी असं घेतलं नाही. परत आलात की पायांवर पाणी घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन बरणीतलं दही घरच्या दुधाला लावायचं, हा नेम. धायरी फिरून धायरीत आली, असं म्हणायचात आणि मगच पाय धुवायचात.

माझा डी.एड.चा निकाल लागायचा होता आणि मी घरी नुसती बसून होते, त्या उन्हाळ्यात तुमच्या हाताखालची बाई ऐन वेळी आली नाही, म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. भावकीत बोलणी झाली, की लग्नाची पोर कुठे नेतोय. तुम्ही म्हणालात, जग बघून येऊ दे, म्हणजे धायरीची किंमत कळेल. त्या बसमध्ये बाई होत्या. नारायण पेठेतल्या, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या. सगळी बस त्यांना बाईच म्हणायची आणि घाबरायची. त्यांना धायरीचा माणूस भेटला आणि तुम्हाला नारायण पेठ भेटली, त्यामुळे बाकीच्यांची करमणूक झाली. ऋषिकेशचा झुलता पूल बघून बाई म्हणाल्या, आपला लकडी पूल बरा, हलत तरी नाही. गंगा बघून म्हणाल्या, पाणी भरपूर आहे, वळण नाही. तुम्ही आमटी वाढताना हळूच म्हणालात, आमच्या ओढ्याला वळण हाय बाई. त्यांनी पानातून वर न बघता विचारलं, धायरी म्हणजे पुण्याच्या अलीकडे का हो, की पलीकडे? तुम्ही म्हणालात, पुनं धायरीच्या अलीकडं. बाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला.

हरिद्वारचा तो शेवटचा दिवस. धर्मशाळेचं अंगण, सकाळचं ऊन अजून कोवळं आहे, बस दुपारी दिल्लीला निघायची आहे. तुम्ही वाटेसाठी पुऱ्या तळताय, मी लाटतेय. बोलता बोलता तुम्ही गप्प होता. मी वर बघते तर चेहरा घामाने डबडबलेला, आणि तो कढईच्या आचेचा घाम नाही हे मला कसं कोण जाणे कळतं. तुम्ही डावा हात छातीशी धरता, उजव्या हाताने कढईतली पुरी काढून टोपलीत ठेवता, स्टोव्हची हवा सोडता, आणि मगच खाली बसता. पुरी जळू दिली नाहीत. पुढे कितीतरी दिवस मला त्या पुरीचा राग येत होता.

दवाखाना धर्मादाय होता, गंगेच्या अंगाला, खाटा थोड्या आणि माणसं फार. डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी तुम्हाला सुई दिली, मला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं की झटका हृदयाचा आहे, जबर आहे, यांना आता काही आठवडे कुशीसुद्धा बदलू द्यायची नाही. प्रवास म्हणजे सरळ मरण. त्यांच्या मागोमाग कंपनीचे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यावर बसभर म्हातारी माणसं आणि दिल्लीहून पुढचं रेल्वेचं आरक्षण होतं. ते म्हणाले, बसच्या मागच्या बाकावर गादी घालू, पडल्या पडल्या येतील, दिल्लीत मोठी इस्पितळं आहेत, नाहीतर सरळ पुण्याला नेऊ. ते तुम्ही आतून ऐकलंत. आवाज उरला नव्हता तरी म्हणालात, चला. मी खाटेशी आले तर तुम्ही माझं मनगट धरलंत, आणि ती पकड आजारी माणसाची नव्हती.

“लोक हितं मरायला येत्यात,” तुम्ही म्हणालात. “मला हितं मरायचं न्हाई. मला धायरीला ने.”

एरवी हसू यावं असंच होतं ते. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा होता, त्याला मुलांनी मुद्दाम लांबून आणून ठेवलं होतं, गंगेकाठी डोळे मिटावेत म्हणून, आणि तो समाधानाने पडून होता. माझा बाप तिथून पळायला बघत होता. मला हसू आलं नाही, भीती वाटली. तुमचं ऐकलं तर तुम्ही वाटेतच जाणार. नाही ऐकलं आणि इथेच गेलात, तर आयुष्यात एकदा तुम्ही माझ्याकडे काही मागितलंत आणि ते मी दिलं नाही, असं होणार. आईला विचारायची सोय नव्हती, तार धायरीत पोचेपर्यंत बस दिल्लीला पोचली असती. मॅनेजर घड्याळाकडे बघायचं टाळत होते, पण त्यांचे हात सारखे खिशात जात होते आणि बाहेर येत होते. मी एकविशीतली, धायरीबाहेर एकटी कधी राहिलेली नाही. मी म्हणाले, नाही, आबा इथेच राहतील.

“तू कोन ठरवनार?” तुम्ही म्हणालात. “बाप मी हाय का तू?”

डॉक्टरांनी हलू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तुम्हाला पाठ फिरवता येईना. नुसतं तोंड भिंतीकडे केलंत. दुपारी बस दवाखान्याच्या फाटकाशी थांबली ती माझी वळकटी, तुमची पिशवी आणि ती बरणी उतरवायला. मी बरणी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. खिडक्यांतून ओळखीचे चेहरे बघत होते, काहींनी हात जोडले. इतक्यात बाई खाली उतरल्या आणि क्लीनरला म्हणाल्या, माझी ट्रंक काढ. मॅनेजर धावत आले, बाई, तुमचं आरक्षण आहे. बाई म्हणाल्या, असू दे, पाय पसरून कुणीतरी झोपेल. मला त्यांनी काही विचारलं नाही की समजावलं नाही. आधी तारघर कुठे आहे ते शोधलं आणि घरी तार केली. मी सांगितलेला मजकूर त्यांना फार लांब वाटला, म्हणून त्यांनी तो कापून एवढाच ठेवला, की आबा आजारी, सोबत आहे, काळजी नसावी.

काळजी नसावी असं काहीच नव्हतं. दोन दिवस तुम्ही अन्नाला शिवला नाहीत. गोळी तोंडात घ्यायचात आणि डॉक्टर वळले की भिंतीकडे थुंकायचात. दवाखान्यातली खिचडी तशीच परत जायची. माझ्याशी बोलणं बंद. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की यांना हृदय नाही मारणार, हट्ट मारेल. मी रोज धर्मशाळेतून दवाखान्यात येताना दारातून आधी तुमची छाती बघायचे, वरखाली होते आहे ना, आणि मग आत पाऊल टाकायचे. तिसऱ्या दिवशी बाई खाटेशी स्टूल ओढून बसल्या. तुम्ही जेवला नाहीत तर धायरी राहिली बाजूला, दौंडसुद्धा दिसायचं नाही, असं त्यांनी तुम्हाला वर्गात सुनवावं तसं सुनवलं. वर म्हणाल्या, पुण्याच्या माणसाला एवढी अक्कल असायला हवी.

“पुन्याचा न्हाई मी,” तुम्ही भिंतीला सांगितलंत. दोन दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

मी तेवढा धागा धरला. धर्मशाळेत मी सवयीनेच बरणीत दूध घालत होते, दही लागत होतं, ते कुणासाठी लावते आहे याचा विचारही केला नव्हता. धावत जाऊन मऊ भात शिजवला, त्यात ते दही कालवलं, मीठ घातलं आणि वाटी तुमच्या नाकाशी धरली. तुम्ही डोळे मिटलेले. वास आला तसं तोंड हळूहळू माझ्याकडे वळलं. सगळी वाटी खाल्लीत, गोळीही घेतलीत. मग मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, राग गेला. तुम्ही मला अट घालत होतात.

“ह्ये दही हितं लागतंय तोवर धायरी माझ्यापाशी हाय. तोवर ऱ्हातो मी,” तुम्ही म्हणालात. “लागायचं थांबलं की मला न्ह्यायचं. मग डाक्टरला इचारायचं न्हाई. शबुद दे.”

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? तिथून पुढे माझा जीव त्या बरणीत होता. उन्हाळा असा की दूध दुपारपर्यंत नासायचं. शिवाय धर्मशाळेच्या गच्चीवर माकडांचं राज्य. मी बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून, खोलीच्या कोनाड्यात, वर पाट ठेवून जपायचे. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट आहे ना ते पुन्हा पुन्हा बघायचे. सकाळी झाकण काढताना हात थांबायचा. लागलेलं असायचं, घट्ट, वर कवडी धरलेलं. मी वाटी घेऊन आले की तुम्ही आधी वाटीत बघायचात आणि मग माझ्या तोंडाकडे. तुमच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा असाच काढला तर धोका टळला समजा, पण या आठवड्यात उठून बसलात तरी मी जबाबदार नाही.

त्याच आठवड्यात एकदा दुपारी मी दवाखान्यातून धर्मशाळेत आले, तर बाईंनी खोली आवरली होती. सतरंजी झटकलेली, माझे कपडे घडी करून ठेवलेले, आणि खिडकीत उन्हाला पालथी घातलेली बरणी. आतून-बाहेरून राखेने घासलेली, लखलखीत. मी सकाळी दही तुम्हाला आणलं होतं, तळाशी चमचाभर ठेवलं होतं, गवळी संध्याकाळी यायचा होता. बरणीच्या आत कडेला वाळलेलं दही आणि तळाला खरकटं. नारायण पेठेतल्या माणसाला यात विरजण दिसायचं काही कारणच नव्हतं. खरकटं भांडं बघून बाई गप्प बसल्या असत्या तर त्या बाई कसल्या.

मी बरणी उचलून आत बोट फिरवलं. कोरडी, गुळगुळीत, राखेचा वास. बाईंना बरणीचा नेम सांगितला, आणि तुम्ही घातलेली अटही सांगितली, ती तोवर त्यांना ठाऊक नव्हती. त्या उभ्या होत्या त्या ट्रंकेवर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं चुकलं.” त्यांच्या तोंडाला या शब्दांची सवय नव्हती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. मला त्यांच्यावर रागावताही येईना. एकच समोर दिसत होतं, की उद्या सकाळी वाटी नाही गेली तर तुम्ही खाटेवरून पाय खाली टाकणार, आणि मी शब्द दिलेला आहे. खरं सांगून तुमच्या पाया पडावं असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, पाया पडून ऐकणारा माणूस तो नव्हे, आठ दिवसांनी सांग आणि मग काय शिव्या खायच्या त्या दोघी खाऊ. छत्री उघडून त्या भर उन्हात बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा लालबुंद, हातात मातीचा कुल्हड. गल्लीबोळातल्या हलवायांचं दही चाखत फिरल्या होत्या. त्यातल्या त्यात हे कमी वाईट आहे, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी गवळ्याचं दूध आलं ते मी त्याचंच विरजण लावून बरणीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी घेऊन तुमच्या खाटेशी उभी आहे. बाई खिडकीशी, आपल्याकडे पाठ करून, गंगेकडे बघत. तुम्ही वाटीत बघता, माझ्या तोंडाकडे बघता. मी चमचा पुढे करते. वासावरून आमटीतलं मीठ सांगणारा माणूस तुम्ही. दही तोंडात घेता आणि गिळत नाही. जबडा हलायचा थांबतो. मी वाटी खाटेच्या लोखंडी कडेवर टेकवते. तुम्ही माझ्याकडे बघता, मग बाईंच्या पाठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पलीकडचा म्हातारा रामनाम घेतो आहे, तेवढाच काय तो आवाज. मग तुमच्या गळ्याची घाटी खाली जाते.

“गोड हाय,” तुम्ही म्हणालात.

हवा वेगळी आहे ना इथली, असं काहीतरी मी बोलले. तुम्ही छताकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता उठणार. डॉक्टर कुठे आहेत ते मी दारातून शोधायला लागले. तेवढ्यात तुम्ही तोंड उघडलंत, लहान मूल उघडतं तसं, पुढच्या चमच्यासाठी. सगळं खाऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, “उद्या नीट लाव.” बाईंनी खिडकीतून मागे वळून बघितलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला ते मला दिसलं.

डॉक्टरांनी सोडलं आणि आपण तिघं गाडीने पुण्याला आलो. रिक्षा आधी नारायण पेठेत थांबली. बाई ट्रंक उतरवून घेत म्हणाल्या, धायरी नक्की किती लांब आहे ते एकदा बघायला हवं. तुम्ही म्हणालात, या की, पुन्याहून गाडी हाय. तिथून धायरीपर्यंत तुम्ही बाहेर बघत होतात, आणि मी मांडीवरची बरणी दोन्ही हातांनी धरून बसले होते. खऱ्या धायरीचं दही आईच्या गाडग्यात शिंक्यावर होतंच. घरी पोचल्यावर काय होणार, हे मला सगळ्या वाटेत सुचत नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, रडली, आणि तुम्ही नेमाप्रमाणे पाय न धुता सरळ स्वयंपाकघरात गेलात. बरणी माझ्या हातातून घेतलीत. झाकण काढून वास घेतलात. मला वाटलं, आता मोरीत ओतणार. तुम्ही आईला दूध कोमट करायला सांगितलंत. बरणीतलं दही त्या दुधात घातलंत, शिंक्यावरच्या गाडग्यातलं चमचाभर त्यात घातलंत, ढवळलंत, वर झाकण ठेवलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “आता झालं धायरीचं.”

आईला यात वेगळं काही वाटलं नाही. ती तुमच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या आणायला गेली. मी मात्र चुलीशी उभीच राहिले. म्हणजे पहिल्या चमच्यालाच तुम्हाला कळलं होतं, आणि तरी तुम्ही राहिलात. का राहिलात ते विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही, तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. लांबच्या यात्रा सुटल्या. तुम्ही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक पाजायचात आणि सांगायचात, असं दही हिंदुस्थानात मिळणार नाही, मी सगळा बघितलाय. अगदी पहिल्यासारखं, एक शब्द कमी न करता. बाई खरंच एकदा आल्या. तुम्ही त्यांच्यापुढे वाटी ठेवून तेच वाक्य म्हणालात. त्यांनी सगळं खाल्लं आणि म्हणाल्या, बरं आहे. नारायण पेठेत याच्यावर शब्द नाही, हे तुम्हाला तोवर कळलं होतं. संध्याकाळपर्यंत तुम्ही खूश होतात.

माझ्या लग्नात तुम्ही ती बरणी मला दिलीत. सासर विश्रांतवाडीला, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदा आलात तेव्हा पाणी नको, चहा नको, आधी दही मागितलंत. खाऊन जावयाला म्हणालात, विश्रांतवाडीत पन धायरी लागली म्हणायची. पुढे तुम्ही गेलात ते धायरीतच, स्वतःच्या खाटेवर, सिंहगड दिसत असताना, जसं हवं होतं तसं. हरिद्वारला मी 'नाही' म्हणाले त्याचं हे फळ, असं मला वाटतं. ते मी एरवी कुणाला बोलून दाखवत नाही.

निवृत्त झाल्यावर मी धायरीला परत आले. आपल्या बांधाच्या पलीकडे आता सात मजले आहेत आणि त्यातल्या तिसऱ्यावर मी राहते. सिंहगड गच्चीवर गेलं तर दिसतो. धायरीत धायरीचं कोण, हे आता शोधावं लागतं. जिन्यात कन्नड ऐकू येतं, भोजपुरी ऐकू येतं, आणि कुणी माझ्या दाराशी चपलांचा ढीग घातला की मी चिडून म्हणते, कुठून कुठून येतात. मग फ्रीज उघडल्यावर बरणी दिसते आणि मी गप्प बसते. नेहमी नाही बसत.

तर ती कानपूरची मुलगी. वाटी देताना ती म्हणाली, दही अच्छा जमा काकू, पर हमारे कानपुर जैसा नहीं. वाईट हेतूने नाही, सहज, हसत. तुम्ही ताजमहालाबद्दल बोलायचात ना, तसं. बाई गेल्या, तुम्ही गेलात, या दह्यात हरिद्वारच्या हलवायाचा वाटा आहे हे ठाऊक असलेली मी एकटी उरले आहे. तिला म्हणता आलं असतं, अगं, हे तुमच्याच बाजूचं आहे. तेवढंच तिला बरं वाटलं असतं. आणि मी काय बोलले, तर तिला दारात थांबवून सांगितलं, “हे धायरीचं आहे. पुण्याचंसुद्धा नाही, धायरीचं. असं दही तुला हिंदुस्थानात कुठे मिळायचं नाही.” ती बिचारी हो म्हणून वर गेली.

हे टपालात टाकायचं तर पत्त्यात धायरीच्या खाली पुणे लिहावं लागतं, आणि ते तुम्हाला चालायचं नाही. म्हणून पाकीट आणलंच नाही. कागद बरणीच्या फ्रीजशेजारच्या फडताळात ठेवते. फक्त एक कबूल करायचं राहिलं. त्या मुलीला मी ते तुमची नक्कल म्हणून बोलले नाही, आणि आपलं गुपित झाकायलाही नाही. बोलत होते तेव्हा मला ते अगदी खरं वाटत होतं, आबा. आत्ताही वाटतंय.